‘ओके’ : पोच की संमती?

मराठी माणसाच्या बोलण्यात जे इंग्रजी शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले, त्यांत ‘ओके’चा मान मोठा आहे. पेढीवरचा मुनीम, माल उतरवून घेणारा हमाल, शाळकरी नात आणि ऐंशीच्या घरातील आजी या सर्वांच्या तोंडी तो सारख्याच सहजतेने येतो. इंग्रजीचा गंध नसलेल्यालाही तो परका वाटत नाही.

या शब्दाचा जन्म मात्र थट्टेतून झाला. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८३०च्या दशकात वाक्प्रचारांची आद्याक्षरे वापरण्याची आणि गंमत म्हणून वर्णयोजना मुद्दाम चुकवण्याची लाट आली होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, हे शब्द ‘ए’ऐवजी ‘ओ’ आणि ‘सी’ऐवजी ‘के’ घालून लिहिले गेले व त्यांचे ‘ओ. के.’ झाले. २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात ते छापले गेले. ‘सर्व बरोबर’ असे सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरे चुकीची असावीत, हा मोठा विनोदच!

त्या लाटेतील बहुतेक शब्द विरून गेले. ‘ओके’ला आधार मिळाला तो १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीचा. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहुक गावचे. त्यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाची आद्याक्षरेही तीच असल्याने समर्थकांनी ती घोषणेसाठी उचलली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र जिंकला. पुढे तारयंत्रावर आणि कागदपत्रांवर मंजुरीची खूण म्हणून तो रुळला. ही सारी वंशावळ भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात जुनी वृत्तपत्रे चाळून सिद्ध केली.

मराठीत आल्यावर या शब्दाने अनेक रूपे घेतली. ‘रिपोर्ट ओके आहे’ यात दिलासा आहे. ‘गाडी ओके करून ठेवली’ म्हणजे ती दुरुस्त केली. ‘ओके?’ म्हणजे समजले ना? मराठीत शब्दाच्या द्विरुक्तीने सहसा जोर चढतो. गरमगरम पोळी अधिक गरम असते. पण ‘माल कसा आहे?’ या प्रश्नाला ‘ओके-ओके’ असे उत्तर आले, की घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा! आणि तुटकपणे उच्चारलेला ‘ओके, ओके’ तर समोरच्याला गप्प करण्यासाठीच असतो.

समोरासमोर बोलताना चेहरा आणि स्वर अर्थ उलगडून दाखवतात. मोबाइलवरच्या संदेशात यांपैकी काहीच नसते. तेथे ‘ओके’ म्हणजे ‘वाचले’ की ‘मान्य आहे’, हे कसे ठरवायचे?

कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात या प्रश्नाची किंमत न्यायालयात ठरली. २०२१ मध्ये एका धान्यखरेदीदार कंपनीने जवसाच्या सौद्याच्या कराराचे छायाचित्र शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवले व संमती कळवण्यास सांगितले. शेतकऱ्याने उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र धाडले. पुढे भाव चढले आणि माल पोहोचला नाही. ‘अंगठा ही केवळ पोच होती,’ असे त्याचे म्हणणे पडले. न्यायालयाने पूर्वीचे व्यवहार तपासले. त्या वेळी त्याने ‘ओके’ किंवा तशाच एकदोन शब्दांत उत्तर दिले होते आणि मालही नेमाने पोहोचवला होता. त्यामुळे अंगठाही संमतीच मानला गेला. २०२३च्या या निकालाने त्याच्यावर ८२ हजारांहून अधिक कॅनेडियन डॉलरांची भरपाई बसली.

आपल्याकडेही १८७२चा करार कायदा स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी असे सांगतो. संगणकीय साधनांनी केलेला करार केवळ त्या कारणावरून निष्फळ ठरत नाही, हेही माहिती तंत्रज्ञान कायद्याने स्पष्ट केले आहे. म्हणजे मोबाइलवरचा ‘ओके’ हलका समजून चालणार नाही.

जुन्या पेढ्यांची भाषा या बाबतीत काटेकोर होती. हुंडी पोहोचणे वेगळे आणि ती सकारणे वेगळे. पोच, संमती आणि भरणा या तीन गोष्टींना तीन शब्द होते आणि त्यांची सरमिसळ कोणी करत नसे. आज तिन्हींची कामे एकटा ‘ओके’ करू लागला आहे.

गप्पांत, घरात, प्रवासात ‘ओके’ खुशाल नांदावा. सौद्यात मात्र ‘संदेश मिळाला, विचार करून कळवतो’ किंवा ‘अमुक भाव, अमुक वजन, अमुक तारीख मान्य’ एवढे लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते. वर्षानुवर्षांचा व्यापारी घरोबा दोन अक्षरांच्या भरवशावर सोडण्यापेक्षा हे अर्धे मिनिट खर्ची टाकणे केव्हाही फायद्याचे.