दगडाचं घर, लाकडाचा वाडा

बारामतीला कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हेच ते नाईक, ज्यांच्या आश्रयाला कवी मोरोपंत होते आणि ज्यांना १७४० साली थोरले बाजीराव गेल्यावर पेशवेपद हवं होतं. (ते मिळालं नानासाहेबांना. असो.) बाहेरून हा वाडा कमी आणि गढी जास्त वाटतो. काळ्या दगडाची भक्कम भिंत, बुरूज. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल! :)

ऑनसाइटला असताना इंग्लंडमधला डर्बीशायरचा हार्डविक हॉल पाहिला होता. १५९० च्या दशकात एका श्रीमंत विधवेने, एलिझाबेथ ऑफ श्रूजबरीने, बांधून घेतलेलं टेकडीवरचं दगडी घर. पण दर्शनी बाजूला दगडापेक्षा काचच जास्त दिसते. जसजसे मजले चढतात तसतश्या खिडक्या मोठ्या होत जातात, कारण थाटाच्या खोल्या सगळ्यात वर. मनोऱ्यांच्या माथ्यावर बाईंची दगडी आद्याक्षरं, लांबून वाचता येतील अशी. थोडक्यात, मी इथे राहते, बघा!

आपला वाडा बरोब्बर उलटा. जगाकडे पाठ, तोंड आत चौकाकडे. उजेड, वारा सगळं चौकातून.

पण मला खरा फरक कळला तो शेजारच्या पडक्या ओल्ड हॉलमध्ये. छप्पर कधीच गेलंय, तरी किती मजले होते, कुठे शेकोटी होती हे भिंती सांगतात. तिकडे दगड म्हणजेच घर. आपल्याकडे दगड फक्त जोत्याला, भिंतींना, दरवाज्याला. घर उभं असतं लाकडावर: खांब, तुळया, कडीपाट. मापसुद्धा लाकडाचंच. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि सोपा किती खणांचा त्यावर घराची ऐपत. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूड गेलं आणि आपल्याला तट, दरवाजे आणि जोती उरली. तिथे पेशवे जेवायला कुठे बसत, हे ती जोती बघून सांगा बरं!

हे सगळं आत्ता डोक्यात येण्याचं कारण म्हणजे इंदापूर तालुक्यातलं आमचं घर. छोटंसंच, माळवदाचं, पाच खणी सोपा. पुण्याहून एक जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन खांबांचे फोटो काढून गेलाय. असे खांब म्हणे हॉटेलांत आणि फार्महाउसमध्ये लावतात. चुलत्यांचं म्हणणं, "लाकूड जाऊ दे की, भिंती हायेतच. घर कुठं पळून जातंय?"

काकांशी वाद घालायची आपली टाप नाही. वाटण्या व्हायच्यात, तिथे राहतं कोणी नाही, पावसाळ्यात माळवद गळतं आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर आहे. मी अर्धा खर्च देतो म्हटलंय. उत्तर आलेलं नाही. तोवर या शनिवारी टेप घेऊन जातोय, खण मोजून नकाशा तरी काढून ठेवतो.