अलबत!

जुन्या नाटकातला सरदार मिशीला पीळ देत ‘अलबत!’ म्हणायचा. आज तसं कुणी म्हणालं तर लोक हसतील, आणि मुलांना रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य आठवेल. डहाणू तालुक्यातल्या सायवनला राहून शब्दांच्या व्युत्पत्ती धुंडाळणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र हे क्रियाविशेषण म्हातारं वाटत नाही. तलासरीची हद्द ओलांडली की गुजराती वर्तमानपत्रात ‘अलबत्त’ सर्रास भेटतो. डोंगर उतरून डहाणूच्या चिकूवाड्यांत गेलं, तर तिथल्या इराणी कुटुंबांच्या पूर्वजांच्या फारसीत तो ‘अलबत्ते’ होता.

मूळ अरबी. ‘बत्त’ म्हणजे तोडणं, कापणं. एक घाव दोन तुकडे झाले की वाद उरत नाही, म्हणून ‘अल्-बत्त’ म्हणजे नक्की, निश्चित. अरबीत पुढे तो नकाराला चिकटला आणि ‘मुळीच नाही’ला जोर देऊ लागला. हिंदीत ‘अलबत्ता’ झाला तो थेट ‘मात्र’, ‘तरीपण’! खात्री द्यायला नेमलेला शब्द शंका काढू लागला.

फारसीतून आलेल्या अशा शब्दांच्या ओझ्याविषयी आपल्याकडे पूर्वीपासून चिंता. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पण त्याचे दहाही वर्ग प्रामुख्याने नामांचे. खातं, हुद्दा, हत्यार यांची नावं हुकमाने बदलता येतात. ‘अलबत’, ‘हल्ली’ असले शब्द बोलता बोलता तोंडातून निसटतात, त्यांना कोण अडवणार? माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारसीच्या प्राध्यापकानेच फारसी शब्द निवडून बाहेर काढायचे, ही गंमत मला त्यांच्या कवितेपेक्षाही जास्त आवडते.

इंग्रजीतल्या ‘फॉरसूथ’ची गत हिंदीतल्या ‘अलबत्ता’पेक्षा वेगळी नाही. त्यातला ‘सूथ’ म्हणजे सत्य, आणि तो आपल्या ‘सत्’चा दूरचा भाऊबंद. शपथेवर सांगावं अशा थाटात तो वापरला जाई. शेक्सपिअरच्या काळापर्यंत त्यात टोमणा शिरला होता. ‘म्हणे मोठा शहाणा!’ यातल्या ‘म्हणे’सारखा.

माझं म्हणणं असं, की खरेपणाची ग्वाही देणारी क्रियाविशेषणं फार काळ खरी राहत नाहीत. ग्वाही द्यावी लागते तिथे ऐकणाऱ्याला आधीच शंका असते, आणि ती शंका हळूहळू शब्दाच्या अर्थातच मुरते. यासाठी अरबी-इंग्रजीकडे जायचीही गरज नाही. ‘पाऊस आला खरा’ एवढं ऐकलं की सायवनचा शेतकरी पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. तिथे ‘खरा’ म्हणजे खरं नव्हे. मान्य आहे, एवढंच.

मराठीत ‘अलबत’ची ही घसरण पुरी झालीच नाही, त्याआधीच तो मागे पडला आणि त्याचं काम ‘अर्थात’कडे आलं. अर्थात, तोही आता वाक्याच्या सुरुवातीला बसून पुढे काहीतरी कापण्याची तयारी करू लागला आहे.