किकवीचा लेथ आणि पुष्पकचे इंजिन

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाच्या लेखी किकवी हे थांबण्याचे ठिकाण नव्हे. कात्रज, खेड-शिवापूर, नसरापूरचा फाटा मागे पडतो. मग येते कापूरहोळ, शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊचे गाव. तिथून शिरवळचा चहा डोळ्यांपुढे दिसू लागतो आणि मधली किकवी गाडीच्या काचेतून पाहता पाहता निघून जाते. मी स्वतः वीस वर्षे ती अशीच पाहिली. मुक्काम पडला तो एका विमानामुळे!

विमान म्हणजे पुष्पक. माझे एक स्नेही विमानदुरुस्तीच्या खात्यातून निवृत्त झालेले. कोल्हापूरकडच्या एका हौशी गृहस्थाच्या पुष्पकचे इंजिन त्यांनी उघडले होते. त्याचे एक सिलिंडर गोणपाटात गुंडाळून आमच्या गाडीच्या डिकीत घातले होते आणि सोबतीला मी, मराठीचा प्राध्यापक! उपयोग शून्य, पण ऐकायला बरा.

पुष्पक हे दोन माणसांचे, कापडाने मढवलेले विमान. बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात तयार होऊन १९५८ साली ते प्रथम उडाले. त्यामागची बुद्धी होती डॉ. विष्णु माधव घाटगे यांची. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा हा मुलगा गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टर झाला आणि पुढे एचटी-२ व पुष्पक ही विमाने त्याने देशाला दिली. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हरकत नव्हती. पण ते असो.

इंजिन मात्र अमेरिकन, कॉन्टिनेंटलचे, नव्वद अश्वशक्तीचे. हे एका अर्थी भाग्यच. त्याचाच धाकटा भाऊ ओ-२०० पुढे सेस्ना-१५० मध्ये बसला. ती विमाने हजारोंनी निघाली, त्यामुळे दोघांना चालणारे बरेच भाग आजही मिळतात. ज्या इंजिनाचा वंशच बुडाला, त्याच्या मालकाने काय करावे?

आमच्या सिलिंडरात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गाइड झिजले होते. गाइड सैल झाले की व्हॉल्व्ह डुलतो, नीट बसत नाही आणि जळतो. किकवीत चहाला थांबलो, तर शेजारीच एक लेथ घरघरत होता. स्नेह्यांनी सहज ते गाइड मिस्त्रींना दाखवले. मिस्त्रींनी कॅलिपर लावला, उजेडात धरून पाहिले.

"गनमेटलमधी घंट्याभरात काढून देतो, साहेब."

"द्याल हो, पण बसवता येणार नाही. कागद लागतो."

"कागद काय इंजनात घालताय व्हय?"

स्नेही हसले नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी समजावून सांगितले, की धातू कुठला, कुणी ओतला, कुणी तपासला, हे त्या कागदावर असते. तो जोडल्याशिवाय मला सही करता येत नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर माणूस उतरून बांधावर बसतो. वर बांध कुठला?

मिस्त्री गप्प झाले. राग आला होता हे दिसत होते, आणि तो खोटा नव्हता. त्या हातांनी पंचक्रोशीतल्या किती पंपांना जीव दिला असेल! मला वाटले, उठावे आता. तेवढ्यात तेच म्हणाले, "मग जुनं ठोकून काढणार कशानं?"

आणि खरोखरच, त्या मापाचा पंच आमच्याजवळ नव्हता! पंच काही इंजिनात राहत नाही. त्याला कागद नको. दीड तास आम्ही तिथे बसलो. समोर पुरंदरच्या डोंगरांवर ऊन कलत होते. मिस्त्रींनी पितळी पट्टा निवडला, दोनदा माप घेतले, टोकाची धार काढून ते गुळगुळीत केले आणि जुन्या गाइडात घालून पाहिले. बसला, हलला नाही.

पैसे त्यांनी रोख मोजून घेतले. स्नेह्यांनी पावती मागितली, तेव्हा वहीतले पान फाडून त्यांनी लिहिले, "पितळी पंच, नग १." मग थोडे थांबून खाली आणखी एक ओळ घातली, "विमानाचा."