मुळशीचं पाणी आणि आमची दोन दिवसांची सहल

दिवाळीच्या सुट्टीआधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता, क्रूझ. माझ्या दिराचं कुटुंब मुंबईहून गोव्याला जहाजाने जाऊन आलं होतं आणि त्याचे व्हिडिओ आमच्या मुलांनी पाठ केले होते. डेकवर पोहण्याचा तलाव, रात्रीचे दिवे, जेवणाची न संपणारी टेबलं. मी जाऊबाईंना फोन करून नीट चौकशी केली, तेव्हा व्हिडिओत नसलेल्या गोष्टी कळल्या. जहाज सुटण्याच्या कितीतरी तास आधी बंदरावर पोचावं लागतं. लहान मुलासकट प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. जाहिरातीतल्या भाड्यावर कर आणि बंदराचे आकार वेगळे पडतात. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकीच नसते, म्हणजे समुद्रात असून समुद्र दिसत नाही. पहिल्या रात्री जाऊबाईंना जहाज लागलं ते सकाळपर्यंत. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत हेलकावे कमी जाणवतात, हे त्यांना परत आल्यावर कुणीतरी सांगितलं. जेवण भरपूर, पण मटण-चिकन हलाल आहे का याचं धड उत्तर न मिळाल्याने त्यांनी मासे आणि भाज्यांवर दिवस काढले. नमाजेची अडचण मात्र आली नाही. खोलीत दोन जानमाज मावत होत्या. उभं राहता येत असेल तर उभं राहून, किब्ल्याकडे तोंड करून सुरुवात करायची आणि जहाज वळलं तर आपणही वळायचं, हा मसला आपल्या आजोबांनाही ठाऊक होता.

आजोबांना ठाऊक असण्याचं कारण म्हणजे आपल्या समाजाची क्रूझ फार जुनी आहे. अम्मीचे अब्बा जहाजाने हजला गेले होते. मुंबई ते जिद्दा, आठवड्याहून जास्त प्रवास, सोबत तांदळाची पिशवी आणि लोणच्याची बरणी. १९९५ साली हजची जहाजं बंद झाली. मुलं क्रूझचं बोलू लागली की अम्मीला ती बरणी आठवते. ती म्हणाली, "मला जहाज नको. पाण्याकाठी दोन दिवस बसायला मिळालं तरी बस." अम्मीचं माहेर मुरूडचं. गुडघ्यांमुळे गेल्या चार वर्षांत तिने समुद्र पाहिलेला नाही, आणि एवढा लांबचा प्रवास तिला इतक्यात झेपणार नव्हता. माझ्या शाळेच्या पगारात सहा जणांची क्रूझही बसत नव्हती. असं करता करता आम्ही मुळशीवर आलो. पुण्यापासून जवळ, धरणाचं मोठं पाणी, आणि काठाने ओळीने रिसॉर्टं.

जुमा पुण्यातच पढून निघालो. हे मुद्दाम सांगते, कारण रिसॉर्टचं चेक-इन दुपारी दोनला असतं आणि शुक्रवारी ती घाई हमखास जुम्याच्या वेळेवर येते. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. पिरंगुटपर्यंत कारखाने आणि ट्रक, ते संपेपर्यंत सहल सुरू झाली असं वाटतच नाही. पौडच्या पुढे मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, पिवळा पडलेला, आणि गाडीच्या काचा खाली केल्या की त्याचा वास. मुळशीचा आंबेमोहोर पूर्वी पुण्यात नावाजलेला होता. याच रस्त्याने पुढे ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, आणि तिथून श्रीवर्धन, दिवेआगरचा किनारा. अम्मीने प्रत्येक पाटीवर "माणगाव" वाचून दाखवलं.

गाडीत ह्यांनी विचारलं, "आपण मुसाफिर झालो का? कसर करायची?" नाही. आपल्याकडचे हनफी आलिम प्रवासाचं अंतर सुमारे ७७ किलोमीटर धरतात, काही जण ९२ धरतात. पुण्याहून मुळशी त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे नमाज पूर्ण. याच वाटेने श्रीवर्धनला गेलात तर मात्र कसर लागू होईल. सहलीला निघताना हे अंतर आधीच पाहून ठेवावं, नाहीतर तिथे जाऊन चौघांची चार मतं होतात.

खोली छान होती. समोर पाणी, पलीकडे सह्याद्रीच्या रांगा. खोलीत बाण वगैरे नव्हता आणि मोबाइलची रेंज जेमतेम, म्हणून होकायंत्र उघडेना. पण तलावावर सूर्य मावळताना दिसत होता. आपल्याकडून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेला आहे, आणि ऑक्टोबरात सूर्य पश्चिमेच्या जरा दक्षिणेला बुडतो. म्हणून मावळत्या सूर्यापासून थोडं उजवीकडे वळून आम्ही व्हरांड्यात मगरिब पढलो. शेजारच्या व्हरांड्यातल्या एका कुटुंबाने तेवढा वेळ गाण्यांचा आवाज कमी केला. कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाचं सांगते. मेनूवर चिकनचे सतरा प्रकार होते. हलाल आहे का विचारल्यावर वाढणारा मुलगा "हो हो" म्हणाला. आत जाऊन स्वयंपाक्याला विचारलं तर तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, माल पुण्याहून पाकिटात येतो, मला माहीत नाही. आणि तळण्याची कढई एकच आहे." मी त्याचे आभार मानले. खोटं "हो" मिळण्यापेक्षा खरं "माहीत नाही" बरं. मग पिठलं, भाकरी, ठेचा आणि तव्यावर वेगळा भाजून दिलेला मासा. मुलांनी तक्रार केली नाही, कारण रात्री शेकोटी होती. शेकोटीवर पांढऱ्या मऊ मिठाया भाजायला देतात, मार्शमेलो. त्यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते कशाचं हे पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही. आम्ही आमची मक्याची कणसं नेली होती. शेजारची मुलं मार्शमेलो सोडून कणसांवर आली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला पोहता येतं आणि ते तिला मनापासून आवडतं. तिच्याकडे अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आहे, पूर्ण नायलॉनचा, टोपीसकट. संध्याकाळी ती तलावापाशी गेली आणि पाच मिनिटांत परत आली. तिथल्या माणसाने तिला "बुरख्यात पोहायला परवानगी नाही" असं सांगितलं होतं. मी गेले. भिंतीवर नियमांची पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, पोहण्याचा सिंथेटिक पोशाख सक्तीचा, सुती कपडे चालणार नाहीत, टोपी आवश्यक. सुती कपड्याचे धागे सुटून पाणी गाळण्याच्या यंत्रात अडकतात, म्हणून हा नियम सगळीकडे असतो आणि तो योग्यच आहे. मी मुलीच्या पोशाखाची शिवण उलटून चिठ्ठी दाखवली. पाटीवरची एकही ओळ ती मोडत नव्हती. त्याच वेळी तलावात दोन गृहस्थ सुती बनियन घालून डुंबत होते.

व्यवस्थापक आले. बोलायला सभ्य. म्हणाले, "नियमाचं नाही हो मॅडम, बाकीच्या गेस्टना ऑड वाटतं." मग त्यांनी तोडगा सुचवला. सकाळी साडेसहा ते साडेसात तलाव रिकामा असतो, तेव्हा तुमच्या घरच्या बायकांनी खुशाल या.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. पडद्याच्या दृष्टीने ती वेळ उलट चांगलीच होती. कुणी पुरुष नाही, गाणी नाहीत. मी "थँक यू" म्हणूनही टाकलं. खोलीत आल्यावर मुलगी म्हणाली, "अम्मी, ती वेळ आपण मागितली असती तर मला आवडलं असतं. त्यांनी आपल्याला लपवायला दिली आहे." वर्गात पंचवीस वर्षांची होईपर्यंत पुरतील एवढी उत्तरं मी मुलांना देते. तिला देता आलं नाही.

रात्री झोप येईना. चूक माझीही होती, आणि ती बुकिंगच्या दिवसापासूनची होती. फोनवर मी पार्किंग विचारलं, गरम पाणी विचारलं, अम्मीसाठी तळमजल्याची खोली विचारली. हलाल, नमाजेची जागा, पोहण्याचा पोशाख यातलं काहीच विचारलं नाही. का? पलीकडच्या माणसाला आपण कटकटे वाटू, नाव ऐकून तो आधीच काहीतरी ठरवेल, अशी भीती. जैन कुटुंबं कांदा-लसणाशिवायचं जेवण आधी सांगून ठेवतात आणि रिसॉर्टवाले ते पाटीवर अभिमानाने लिहितात. त्यात कुणाला कसला संकोच नसतो. आपणच आपले प्रश्न खिशात ठेवून जातो आणि मग तिथे पोचल्यावर मुलांसमोर ते बाहेर काढावे लागतात.

सकाळी साडेसहाला मुलगी उठली नाही. अम्मी उठली. फजरनंतर काठी टेकत तलावापाशी गेली, सलवार घोट्यावर घेतली आणि पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसली. सात वाजता मुलगी नानीला शोधत गेली, आणि मग पोहली. अर्धा तास. ती का गेली ते मी विचारलं नाही.

तिथेच बागेला पाणी घालणारे एक मामा होते. साठीच्या पुढचे, तिथल्याच गावचे. अम्मीने त्यांना विचारलं, "हे तळं किती जुनं?" मामा म्हणाले, "तळं नाही आजी, धरण. आमची जुनी गावं खाली आहेत. पंजोबांचं घर खालीच. उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की जोती दिसतात."

मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण समोर पाणी असताना ऐकणं वेगळं. टाटांच्या वीज कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी मुळा नदीवर हे धरण बांधायला घेतलं, आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्याने माझी मुलं मॉलमध्ये जातात, त्यांना हे ठाऊक नव्हतं. बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांकडे अडकलेली होती. त्यांना रोख मोबदला चालणार होता, कसणाऱ्याला जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा चालला, बापटांना पुन्हा पुन्हा तुरुंग झाला, आणि धरण झालं. पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने खाली कोकणात भिरा इथल्या वीजघरात पडतं. खोलीचं भाडं 'लेक व्ह्यू'साठी जास्त घेतात, ते हे पाणी. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, ही कुरआनची शिकवण सांगायला मी मुलांपुढे नेहमी आद आणि समूदचे दाखले देते. मुळशी पुण्यापासून तासाभरावर आहे.

भिऱ्याचं नाव ऐकून अम्मीने विचारलं, पुढे हे पाणी जातं कुठे? मी जमिनीवर काडीने नकाशा काढला. मुळा नदी वाहती राहिली असती तर भीमेतून कृष्णेला, म्हणजे पार पूर्वेच्या समुद्राला गेली असती. आता तिचं पाणी वीज करून कुंडलिका नदीत सोडतात. कोलाडला लोक सकाळी रबरी होड्यांतून उसळत जातात, ते याच सोडलेल्या पाण्यावर. आणि कुंडलिका मिळते रेवदंड्याच्या खाडीला.

"रेवदंडा!" अम्मी म्हणाली. "म्हणजे आमच्याच समुद्राला." मग मामांना मुरूडच्या खाडीचे किस्से, आणि मामांकडून बुडालेल्या गावाचे. नाश्ता थंड झाला.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठ शांत दिसतो, पण खाली गाळ आहे आणि उतार एकदम खोल जातो. दरवर्षी तिकडे कुणाचं तरी पोर जातं. पावसाळ्यात ताम्हिणीत राज्यातला सगळ्यात जोराचा पाऊस पडणाऱ्या ठिकाणांइतका पाऊस असतो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. शनिवारी रात्री बहुतेक ठिकाणी गाणी आणि पिणं चालतं. आम्ही शनिवारी दुपारी निघालो ते त्यासाठीच. आणि वुजूसाठी एक लोटा घरूनच न्या.

निघताना व्यवस्थापकांना मी एका कागदावर लिहून दिलं, तुमच्या पाटीवर एक ओळ वाढवा: पूर्ण अंग झाकणारा नायलॉनचा पोशाख चालेल, किंवा चालणार नाही. जे असेल ते. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

मे महिन्यात, अम्मीच्या गुडघ्यांनी साथ दिली तर, मुरूडला जायचं आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या एका घरगुती निवासाला फोन केला. प्रश्नांचा कागद मुलीच्या अक्षरातला होता आणि मी तो वरून खाली वाचला. गोश्त कुठून आणता, नमाजेला जागा, जुम्याची मशीद किती लांब, आणि मुलीने पूर्ण कपड्यांत पोहलेलं चालेल का. पलीकडच्या बाईंनी पहिल्या तिन्हींची उत्तरं दिली आणि चौथ्याला हसल्या. "इथे तलाव नाही बाई, समुद्र आहे." तेवढ्यात अम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना कोणत्या मोहल्ल्यातल्या म्हणून विचारलं. वीस मिनिटं बोलणं झालं. बुकिंगच्या तारखा सांगायच्या राहूनच गेल्या.