विमानातले भारनियमन

अम्मीला घेऊन आम्ही उमऱ्याला निघालो होतो. मुंबई विमानतळावर विमान अजून जागेवरच उभे होते. इंजिने सुरू झाली आणि डोक्यावरचे दिवे क्षणभर गेले, पुन्हा आले. अम्मीने तस्बीह घट्ट धरली. म्हणाली, "बेटा, इथेपण लाइट जाते?"

आम्ही म्हटले, "गेली नाही अम्मी, बदलली."

आमची हयात सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून गेली, म्हणून ही गोष्ट कळत होती. विमान उभे असते तेव्हा त्याला वीज जमिनीवरून केबलने मिळते, नाहीतर शेपटीत बसवलेल्या छोट्या इंजिनातून. मोठी इंजिने फिरू लागली की त्यांच्यावरचे जनरेटर तो भार आपल्याकडे घेतात. शादीच्या मांडवात लाइनवरून जनरेटरवर जाताना दिवे जसे मिचकतात, तसाच हा प्रकार.

घरात आपली वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. विमानात ती ११५ व्होल्ट, ४०० सायकलची असते. सायकल वाढल्या की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान व हलक्या करता येतात, आणि आकाशात प्रत्येक किलोला इंधन मोजावे लागते. काही उपकरणांसाठी यातूनच २८ व्होल्टची डीसी करून घेतात. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात एका इंजिनावरचा जनरेटर ९० केव्हीएचा असतो. आमच्या मोहल्ल्याची डीपी १०० केव्हीएची. म्हणजे एकेका पंखाखाली जवळजवळ एकेक मोहल्ला!

अम्मीने विचारले, "आणि एक बंद पडला तर?"

"तर दुसरा भार उचलतो. तेवढ्यावर भागावे म्हणून विमान स्वतःच भारनियमन करते."

"मग अंधार आधी कुणाला?"

"आधी स्वयंपाकघर बंद. जेवण गरम करायच्या भट्ट्या, चहाचे पाणी. पायलटची यंत्रे आणि रेडिओ शेवटपर्यंत चालू."

दोन्ही जनरेटर गेले तरी बॅटरी असते. शिवाय अनेक विमानांच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरू लागतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन हवेतच संपले. पौंड आणि किलो यांच्या हिशेबातली चूक नडली होती. दोन्ही इंजिने बंद झाली, कॉकपिटमधले पडदे काळे पडले. बॅटरीवर मोजकी यंत्रे चालली, वाऱ्यावरच्या पंख्याने सुकाणू हलवण्यापुरता दाब दिला. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी गिमली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरवले. सर्व ६९ जण वाचले.

अम्मी म्हणाली, "चहा नाही मिळाला तर काही बिघडत नाही." आणि डोळे मिटून दुआ पढू लागली. आम्हाला मात्र तिचा सवाल सोडेना. अंधार आधी कुणाला?

२००५ नंतरच्या त्या वर्षांत आम्हीच तर अंधार वाटत होतो. फोनवर हुकूम यायचा आणि आम्ही गावाचा फीडर बंद करायचो. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. मुंबईला भारनियमन नव्हते. तिथे दुकानांच्या पाट्या रात्रभर जळत, इथे दवाखान्यात मेणबत्ती. मार्च महिन्यात एका संध्याकाळी मोहल्ल्यातला एक पोरगा वही घेऊन सबस्टेशनच्या फाटकाशी आला. म्हणाला, "चाचा, दहावीचा पेपर मुंबईत आणि इथे एकच आहे ना? मग त्यांची लाइट का जात नाही?"

आम्ही त्याला फाटकातल्या बल्बखाली बसू दिले. तेवढेच हातात होते. फीडर मात्र वेळेवर बंद केला.

विजेचा तुटवडा विमानातही पडू शकतो. पण आधी काय विझवायचे आणि काय कोणत्याही हालतीत जळते ठेवायचे, हे तिथे जमिनीवर असतानाच ठरलेले असते. त्या यादीत चहा वरती आहे, विमान उतरवणारा हात सर्वांत शेवटी. आमच्या यादीत तो पोरगा चहाच्याही वरती होता.

जेद्द्याला उतरलो. हरममध्ये पहिली दुआ अम्मीसाठी मागितली, दुसरी त्या पोरासाठी. त्याचे नावसुद्धा तेव्हा विचारले नव्हते.