कापसाचा ढीग आणि हिमाची खूण

घरोघरीं आतां मोबाइलनेंच छायाचित्रें निघूं लागल्यामुळें खिशांत मावणारा लहान डिजिटल कॅमेरा कपाटाच्या खणांत जाऊन पडला आहे. आमच्या वाशीमच्या घरांतहि तो असाच पडून होता. गेल्या दिवाळींत पुतण्याच्या मुलीनें तो बाहेर काढला, बॅटरी भरून घेतली आणि चित्रें काढण्याचा सपाटा लावला. ज्या वाचकांच्या खणांत असा एखादा कॅमेरा असेल त्यांच्यासाठीं चार शब्द लिहितों.

या कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक फिरती चकती असते, किंवा पडद्यावर यादी असते. तींत चेहरा, डोंगर, धांवणारा मनुष्य, चंद्र, मेणबत्ती, हिमकण अशा खुणा दिसतात. यांस सीन मोड म्हणतात. शिवाय एक 'ऑटो' असतो, आणि बहुतेक मंडळी जन्मभर त्यावरच थांबतात. व्याकरण शिकलेल्याला यांत उत्सर्ग आणि अपवाद यांचीच व्यवस्था दिसेल. पाणिनि एक सामान्य नियम घालून देतो, तो उत्सर्ग. विशिष्ट स्थळीं त्याला बाधणारा दुसरा नियम सांगतो, तो अपवाद. ऑटो हा उत्सर्ग होय. अपवाद केव्हां लावावयाचा हें कळण्यास उत्सर्ग कोठें अपुरा पडतो हें आधीं कळलें पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांतलेंच उदाहरण घ्या. हिंवाळ्यांतल्या दुपारीं कारंज्याला कापसाच्या ढिगाचें चित्र ऑटोवर काढावें, तर कापूस करडा आणि मळकट उतरतो. याचें कारण असें कीं, कॅमेऱ्यांतील प्रकाश मोजणारी योजना समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या तेजाचें आहे असें गृहीत धरते. सगळेंच पांढरें दिसलें कीं प्रकाश अधिक झाला असें समजून ती तो कमी करते. आतां हिमकणाची खूण लावून पाहा. प्रकाश मुद्दाम थोडा अधिक घेतला जातो व कापूस कापसासारखा दिसूं लागतो. वऱ्हाडांत कोठलें आलें आहे हिम, म्हणून त्या खुणेकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. पण ती खूण खरोखर पांढऱ्या रंगासाठीं आहे. शब्द पाठ करून अर्थ सोडणारे विद्यार्थी मीं वर्गांत पुष्कळ पाहिले, त्यांची येथें आठवण होते.

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत उडी घेणारा काळवीट टिपावयाचा तर धांवत्या मनुष्याची खूण लावावी. शटर अत्यल्प काळ उघडतें, म्हणून पाय पुसट होत नाहींत. मात्र ऊन हवें. तुळशीच्या लग्नांतल्या पणत्यांना याच्या उलट. तेथें फ्लॅश पडला कीं पणतीचा उजेड मेलाच. मेणबत्तीच्या खुणेनें फ्लॅश बंद राहतो, पिवळी छटा 'सुधारली' जात नाहीं आणि शटर बराच वेळ उघडें राहतें. हात तितका स्थिर राहणें शक्य नाहीं, तेव्हां कॅमेरा स्टुलावर ठेवून टायमर लावावा.

वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुषाचें आणि साहित्यविद्येचें लग्न याच नगरांत लावलें आहे. त्याच्या मागून हिंडतांना ती वधू देशोदेशीं निराळा वेष आणि निराळी रीति धारण करीत होती. कॅमेऱ्याच्या चकतीशीं या कथेचा संबंध जोडल्याबद्दल पंडितांनीं क्षमा करावी. पण चकती फिरवितांना मला ती कथा आठवते खरी.

अलीकडचे कांहीं कॅमेरे समोरचें दृश्य ओळखून मोड आपण होऊनच लावतात. मग आपण कशाला डोकें चालवावें, असें तरुण मंडळी म्हणतात. समोर चेहरा आहे एवढें त्या यंत्राला कळतें, यांत शंका नाहीं. त्या चेहऱ्यांतलें आपल्याला काय हवें, हें मात्र त्याला कोणी सांगावयाचें?

आमच्या थोरल्या वहिनींच्या सहस्रचंद्रदर्शनाला नातीनें त्यांचें चित्र चेहऱ्याच्या मोडवर काढलें. मोड नांवाप्रमाणें योग्यच होता. पण या कॅमेऱ्यांतला सेन्सर करंगळीच्या नखाहूनहि लहान. चेहऱ्यामागची भिंत धूसर करणें त्याला फारसें साधत नाहीं. मग अनेक कॅमेऱ्यांतला हा मोड आपलें कौशल्य त्वचेवर दाखवितो व ती गुळगुळीत करतो. वहिनींनीं चित्र पाहिलें आणि मला विचारलें, "भाऊजी, ही कोण हो?"

सुरकुत्या गेल्या होत्याच. हनुवटीवरचें फिकट गोंदणहि डाग समजून पुसलें गेलें होतें. वहिनींची आई त्या सात वर्षांच्या असतांना गेली. तिचें एकहि चित्र कोणापाशीं नाहीं. जाण्यापूर्वीं कांहीं महिने तिनें रिसोडच्या घरीं गोंदणारणीपुढें मुलीला स्वतः मांडीवर धरून बसविलें होतें, तेवढी एक खूण मागें राहिली आहे.

मीं नातीला विचारलें, "तुला काय दाखवायचें आहे?"

"आजी."

"आजीचें काय?"

ती थोडा वेळ वहिनींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गोंदण."

तिनें वहिनींना माजघराच्या खिडकीशीं बसविलें आणि म्युझियमचा मोड लावला. पदार्थसंग्रहालयांत फ्लॅशला मनाई असते म्हणून तो केलेला. येथें खिडकीच्या उजेडासाठीं उपयोगीं आला. कोपरें स्टुलावर टेंकून, श्वास रोखून तिनें चार चित्रें घेतलीं. तीन हललीं. चौथ्यांत थोडे रवे दिसतात, सुरकुत्या सगळ्या आहेत, आणि हनुवटीवर हिरवट ठिपके.

वहिनींनीं तें चित्र डोळ्यांजवळ नेलें, चष्मा वर सारला आणि "आहे," एवढेंच म्हणाल्या.