इशारा आणि अडथळा

संस्कृताच्या अभ्यासकास संगणकाची भाषा परकी वाटावी, असा सर्वसाधारण समज आहे. मला तसें वाटत नाहीं. वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तीन कारणें अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत सांगितलीं आहेत. त्यांपैकीं पहिल्या दोहोंशीं ‘सी’ भाषेच्या नवशिक्याची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत असलेला माझा चुलत नातू सुटींत नागपुराहून मौद्यास आला होता. नागपूरच्याच यशवंत कानेटकरांचें ‘लेट अस सी’ पुढें ठेवून, काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा विचारून कर्ण काढणारा प्रोग्रॅम त्यानें लिनक्सवर लिहिला. जीसीसी कंपाइलरनें एक वॉर्निंग दिली आणि शेवटीं एरर आली : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टु एसक्यूआरटी’.

“आजोबा, वर ‘मॅथ डॉट एच’ लिहिलें आहे, तरी हा वर्गमूळ ओळखत नाहीं!”

वस्तुतः येथें कारागीर दोन आहेत. कंपाइलर व्याकरण पाहून यंत्रभाषेंत रूपांतर करितो, व ज्या फंक्शनचें शरीर समोर नाहीं त्याची जागा मोकळी सोडतो. ती जागा भरणें हें लिंकरचें काम. ‘मॅथ डॉट एच’ ही केवळ निमंत्रणपत्रिका होय. पत्रिकेंत नांव छापल्यानें पाहुणा मांडवांत येत नाहीं. वर्गमूळ काढणारी सामग्री गणिताच्या लायब्ररींत असते, आणि तिला बोलावण्यास आज्ञेच्या शेवटीं ‘-एलएम’ लिहावें लागतें. ‘मेन’चें पहिलें अक्षर चुकून मोठ्या लिपींत पडलें, तरी लिंकर अशीच तक्रार करितो. नांव उच्चारलें, पण त्याचा अर्थ कोठेंच मिळाला नाहीं; ही अपुरी राहिलेली आकांक्षा.

‘-एलएम’ जोडतांच एरर गेली. वॉर्निंगकडे मात्र त्यानें पाहिलें नाहीं. पहिली संख्या टंकितांच प्रोग्रॅम कोसळला! ‘स्कॅनएफ’ला संख्या ठेवण्याच्या जागेचा पत्ता हवा असतो; ‘&’ हें चिन्ह राहून गेल्यामुळें पत्त्याऐवजीं त्या जागेंतील निरर्थक किंमतच त्यास मिळाली. ‘अग्नीनें शिंपावें’ या वाक्याप्रमाणें व्याकरण शुद्ध, पण योग्यता नाहीं. कंपाइलरनें हेंच आधीं सांगितलें होतें.

एरर वाट अडविते, म्हणून तिचें ऐकावेंच लागतें. वॉर्निंग हळू बोलते, म्हणून तिची उपेक्षा होते. घोषणा न केलेलें फंक्शन वापरणें १९९९ च्या मानकानें वर्ज्य ठरविलें, तरी जीसीसीचें पुष्कळ वर्षें इशाऱ्यावरच भागत असे; २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र ती एरर झाली. सौम्य शब्द कोणी ऐकेना, तेव्हां दारच लावून घ्यावें लागलें.

म्हणून नवशिक्यानें ‘-वॉल’ ही सूचना देऊन सर्व प्रमुख इशारे मागून घ्यावे व पहिल्यापासून क्रमानें वाचावे. हळू बोलणाऱ्याचें ऐकण्याची संवय एकदां लागली, म्हणजे ती संगणकापुरतीच राहत नाहीं.